धूमकेतूने नेलेली आई

२ फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद तुला आहेतच, ते वेगळे लिहून शाई घालवत नाही. माझा फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र न उघडता टाकून देणं तुझ्या स्वभावात नाही. लहानपणी तू दुसऱ्यांचीसुद्धा उघडायचीस.

"त्याची वकिली करायला लिहिणार असशील तर लिहू नकोस," असं जाताना बजावून गेलीस. करत नाही. वकिलीसाठी अशिलाने तोंड उघडावं लागतं, आणि जावईबापू तू गेल्यापासून ते फक्त चहापुरतं उघडतात. मी लिहितो आहे तो त्यांच्या सिनेमातला एक नट म्हणून. यंत्रमानवाची भूमिका अजून माझ्याकडेच आहे. बंबाचा पत्रा कोपराशी अजून तसाच कापतो. तू आतून फोम लावून देणार होतीस, ते राहिलं.

बातमी अशी की चित्रीकरण पुन्हा सुरू झालं. गोदामात 'पाकोळी' यान तू सोडून गेलीस तसंच उभं आहे. अंड्यांच्या ट्रेच्या भिंती, लिफ्टची जुनी बटणं, कपडे धुण्याच्या यंत्राची गोल काच खिडकी म्हणून. सगळं जग संगणकावर आकाश काढत असताना आमचं आकाश काळ्या पडद्याला टाचणीने भोकं पाडून होतं, याचा जावईबापूंना अभिमान कायम आहे. शेजारचा टायरवाला रोज विचारतो, "उडालं का हो?" मी रोज सांगतो, "हवा भरायची राहिलीय."

अडचण एकच आहे, पण मुळाशी आहे. सिनेमा अर्धा झाला, आणि त्या अर्ध्यात आई आहे, म्हणजे तू. पुढच्या अर्ध्यात ती कुठे गेली हे प्रेक्षकाला सांगायला हवं. प्रेक्षकाचा फोन न उचलून भागत नाही. जावईबापूंनी तोडगा काढला: आईला धूमकेतू घेऊन जातो. मग भिंगरी, म्हणजे आपली कप्तान, सुकाणूपाशी उभी राहून एक वाक्य बोलते आणि यान पुढे निघतं. ते वाक्य लिहायचं काम माझ्याकडे आलं. संस्कृत शिकवणाऱ्याला वियोगावर हुकमी लिहिता येतं असा लोकांचा समज आहे. मी लिहिलं, "आई आता येणार नाही. पाकोळी पुढे न्या."

भिंगरीने कागद वाचला आणि घडी घालत घालत त्याची पार गोळी करून टाकली.

"मामा, हे तू लिहिलंस?"

"का, काही चुकलं?"

"कप्तान असं नाही बोलणार."

"आणि ते का म्हणे?"

"तिला माहीत कुठंय, आई येणार का नाही ते? माहीत नसलेलं कसं बोलेल ती?"

प्रमाण नसेल तर विधान करू नये, हे पदवीच्या वर्गाला समजावता समजावता माझं एक सत्र जातं. इथे मी ती कागदाची गोळी उचलून खिशात टाकली. जावईबापू म्हणाले, "उद्या बघू." तो उद्या अजून उजाडायचा आहे. रोज दिवे लागतात, बाकीची दृश्यं होतात, पण त्या दृश्याची वेळ आली की भिंगरी शिरस्त्राण काढून पायरीवर जाऊन बसते. तिने ते वाक्य म्हटलं नाही तर सिनेमा इथेच संपला, आणि म्हटलं तर पूर्ण होईल. मी नट आहे, मला दोन्ही चालतं.

ती तुझ्याबरोबर का आली नाही हे तू मला विचारलं होतंस. "कप्तान जहाज सोडून जात नाही," असं तिने तुलाच सांगितलं होतं. रविवारी तुम्ही दोघी फोनवर बोलता, तेव्हा सिनेमाचा विषय निघत नाही हेही मला ठाऊक आहे. मी त्या वेळी त्याच खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला असतो.

तू तिकडे बांधते आहेस तो मॅमथ कसा आहे? संग्रहालयवाल्यांनी त्याला केस कसले लावायला सांगितले?

दादा


१९ फेब्रुवारी

चि. खारूताई,

तुझं कार्ड पोचलं. "काथ्याचे. भिंगरीचा हात खरंच बरा आहे का? ती नुसती 'हो' म्हणते. फक्त हाताबद्दल लिही, बाकी काही नको."

आज्ञा शिरसावंद्य. फक्त हात.

प्लास्टर निघालं. हात किंचित बारीक झाला आहे, दुसऱ्या हाताचा धाकटा भाऊ शोभतो. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला आहे. हात तो चेंडू दाबण्याऐवजी माझ्या पत्र्याच्या डोक्यावर नेम धरून मारतो. आवाज चांगला येतो, त्यावरून ताकद परत आली असावी.

ह्याच हाताने मंगळवारी शिंपीणबाईंच्या बाहीला धरून त्यांना यानाच्या बाहेर काढलं. बाई आत कशा आल्या, ते सांगितल्याशिवाय हाताचं वागणं कळायचं नाही, म्हणून नाइलाजाने सांगतो.

जावईबापूंनी त्यांना तुझा चंदेरी पोशाख घालून पाठमोरं उभं केलं होतं. बाई म्हणाल्या, "तोंड दिसणार नाही ना? मग हरकत नाही. केस रंगवायचे राहिलेत माझे." धूमकेतू म्हणून कापसाचा गोळा आणि आत सायकलचा दिवा. भिंगरीने बाईंभोवती एक फेरी मारली. मग अगदी अदबीने म्हणाली, "काकू, तुम्ही छान दिसताय. पण माझी आई उभी राहते ना, तेव्हा एक पाय दुसऱ्यावर ठेवते. बगळ्यासारखा."

बाईंनी प्रयत्न केला. खुर्ची धरली म्हणून वाचल्या. "अगं बाई, तुझी आई यानात असते का तळ्यात?"

इथे हाताने बाही धरली, बाईंना पायरीवर नेऊन बसवलं आणि चहा आणून दिला. हात सभ्य आहे. तुझी वहिनी परग्रहाच्या राणीचा मुकुट सावरत म्हणाली, "पोरीला कशाला छळता? धूमकेतूला कुणीतरी हवंच असेल तर मला न्या म्हणावं. मी तयार आहे. परत नाही आणून सोडलं तरी चालेल." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

एवढं सगळं होईतो कॅमेरा चालूच होता. 'कट' म्हणणं हे तुझं काम होतं, हे तू गेल्यावर आमच्या लक्षात आलं. जावईबापू एकदा कॅमेऱ्याला डोळा लावून बसले की त्यांना स्वतःला थांबता येत नाही. बाहेरून कुणीतरी हाक मारावी लागते. ते काम आता वहिनीला दिलं आहे. ती "पुरे!" म्हणते. तो सूर मी संसारात ऐकलेला आहे, मला काही होत नाही. वायरमन मात्र दर वेळी दिवा सोडून उभा राहतो.

शिंपीणबाई गेल्यावर हाताने तुझा पोशाख झटकला, उलटा करून दोरीवर टाकला आणि बाहीची उसवलेली शिवण घातली. टाके वाकडे आहेत. हाताबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

दादा


९ मार्च

चि. खारूताई,

"हाताच्या नावाखाली सगळं लिहिलंस. मोठा हुशार. एक सांग, तो पडण्याचा शॉट अजून सिनेमात आहे का?"

आहे.

तुझा राग वाढायच्या आत पुढचंही वाच. मी त्या दिवशी कॉलेजात होतो, म्हणून प्रसंग मला तुझ्या तोंडून ठाऊक होता. तू म्हणालीस, "मुलगी पडली आणि तो हसत होता." हे तू मला दारात सांगितलंस, मग स्टँडवर बस सुटता सुटता खिडकीतून पुन्हा सांगितलंस. सूत्र छोटं होतं आणि धारदार होतं. पण भाष्य करण्याआधी मूळ पाठ पाहावा असा आमच्याकडे शिरस्ता आहे. तो मी काल पाहिला. भिंगरीनेच दाखवला. "मामा, बघायचंय?" म्हणाली, जसं काही नवा खेळ आणलाय.

तुला ते दृश्य समजावणं म्हणजे सुताराला रंधा शिकवणं. पण मला स्वतःला ते नीट उमगलं नव्हतं, तेव्हा लिहून पाहतो. चुकलं तर दुरुस्त कर. कप्तान वजनरहित होऊन यानाच्या छतावर जाऊन उभी राहते, असं ते दृश्य. त्यासाठी तू यानाचं दालन उलटं बांधलंस: छत गोदामाच्या फरशीवर, खुर्च्या वर खिळलेल्या. कॅमेराही उलटा लावलास. मग भिंगरी दोरीला लटकून हळूहळू खाली फरशीवर उतरणार, आणि कॅमेऱ्यात ती वर वर तरंगत छताला टेकणार. बरोबर?

दोरीची कडी वाकली. ती वरून खाली आली आणि हात मोडला. तू पलीकडे यंत्रखोलीत पोशाख चढवून आपल्या प्रवेशाची वाट बघत होतीस. आवाज ऐकून धावत आलीस, तर हा माणूस डोळा लावून हसतोय.

आता मूळ पाठ. त्यात आवाज नाही, नुसतं चित्र. कप्तान क्षणभर स्तब्ध असते आणि मग वर जाते. पडत नाही, खारूताई. वर जाते. हात पसरलेले, दोरी मागे सैल सुटलेली, सुटलेल्या फुग्यासारखी सरळ छतापर्यंत. इतकी सुरेख जाते की पुढे काय झालं हे ठाऊक असूनही मला हसू आलं. लगेच आवरलं, पण आलं ते आलं. कडी वाकून जे घडलं ते घुणाक्षरन्यायाने त्या दृश्यात हवं होतं तेच दिसलं. लाकडात किडा फिरतो आणि चुकून अक्षर उमटतं, तसं.

'कट' म्हणणारी यंत्रखोलीत होती, तेव्हा चित्र पुढे चालूच राहतं. छतावरून डोकं खाली केलेली एक चंदेरी बाई धावत येते. ती पोरीला कवेत घेते. मग एक पुरुष, तोही डोकं खाली, स्टुलाला अडखळत येतो. बाई त्याला ढकलून देते. तो तिथेच उभा राहतो, छताला चिकटलेल्या वटवाघळासारखा. मग रीळ संपतं.

मी जावईबापूंना विचारलं, "अहो, हे तुम्ही खारूताईला का नाही सांगितलंत?"

ते टेबलाखाली स्क्रू शोधत होते. तिथूनच म्हणाले, "काय सांगू? वर जाताना दिसली म्हणून? पडली तर खालीच ना ती."

"मग शॉट ठेवला कशाला?"

"मी दुसऱ्याच दिवशी काढला होता. भिंगरीने परत जोडला."

भिंगरी म्हणाली, "मी इतकी छान उडालेय. हात मोडून घेतलाय, फुकट घालवू?"

ही वकिली नव्हे. वकील शेवटी काहीतरी मागतो. मी फक्त कॅमेरा उलटा होता एवढं कळवतो, तेही तो उलटा लावणारीला.

तुझ्या वहिनीचा मुकुट वितळला. इस्त्रीच्या जवळ ठेवला होता.

दादा


२७ मार्च

चि. खारूताई,

इतके दिवस पत्र नाही म्हणून मी मनात तुझी दोन-तीन उत्तरं रचून ठेवली होती. एकही जुळलं नाही. आलं ते असं:

"कापसाचा धूमकेतू? लाज वाटू द्या. मी करून आणते. आणि माझ्या पोशाखात दुसऱ्या कुणाला उभं करायचं नाही. न्यायचंच आहे तर मला न्या. येत्या शनिवारी सकाळच्या बसने येते, संध्याकाळच्या बसने परत. भिंगरी तिचं वाक्य बोलेल, मी समजावेन तिला. सिनेमा पुरा होऊन जाऊ दे. त्याने नाही तर तिने तरी त्याच्यात जीव ओतलाय."

उलट्या कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. ठीक. मौनाचे अर्थ लावायला आम्हाला पगार मिळतो, पण सुट्टीच्या दिवशी आम्ही ते करत नाही.

तुझं पत्र मी सर्वांना वाचून दाखवलं. जावईबापू म्हणाले, "दिवे पुसायला हवेत," आणि दाढी करायला निघून गेले. वहिनीने विचारलं, "जेवायला थांबणार का?" मी म्हटलं तसा उल्लेख नाही. "उल्लेख कशाला लागतो? पत्रात काय पोळ्या मोजून सांगतात?" असं म्हणून ती बाजारात गेली.

भिंगरीने मात्र सविस्तर चौकशी केली.

"म्हणजे आई येणार?"

"हो."

"मग धूमकेतू तिला घेऊन जाणार?"

"हो."

"आणि मग मी म्हणायचं, आई येणार नाही?"

"तसं ठरलंय."

"बरं," म्हणाली.

मला ह्या 'बरं'ची धास्ती वाटते. तुझंही असंच असायचं. 'आधी पदवी पूर्ण कर, मग त्या सिनेमावाल्याचं बघू' असं बाबा म्हणाले, तेव्हा तू असंच 'बरं' म्हणाली होतीस, आणि पुढच्या आठवड्यात जावईबापू आमच्या पाया पडायला हजर.

दादा


८ एप्रिल

चि. खारूताई,

शनिवारी तू कॅमेऱ्याच्या पुढे होतीस, म्हणून मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते कळवणं एवढाच या पत्राचा हेतू. पण पुढचं आधी सांगावं लागेल, म्हणजे दोन्ही बाजू जुळवून बघता येतील.

तुझा धूमकेतू बघून टायरवाल्याने पहिल्यांदाच विनोद केला नाही. नायलॉनच्या धाग्यांची ती शेपटी दिव्यात उजळली तेव्हा मी पत्र्याच्या आत होतो, तरी मला ती बारीक भोकांतून दिसली. दिवे लावताना तुम्ही नवराबायको एकमेकांशी एकच वाक्य बोललात, "जरा डावीकडे", आणि तेही एकदम. मग दोघंही उजवीकडे बघू लागलात.

दृश्य सुरू झालं. दार उघडलं, धूमकेतू आला, तू एका पायावर उभी होतीस. पडद्यामागे वायरमन तुझ्या कमरेची दोरी ओढू लागला. तू सरकायला लागलीस. कप्तानाने सुकाणूपाशी उभं राहून तुला जाताना बघायचं आणि मग वाक्य बोलायचं, अशी तालीम सकाळी तूच तिच्याकडून करून घेतली होतीस. तिने ती निमूटपणे केली होती. न चुकता.

प्रत्यक्षात तिने सुकाणू सोडलं. धावत आली आणि मोडून जोडलेल्या हाताने तुझा पट्टा धरला.

वायरमनने ओढलं. ती हलली नाही. त्याला वाटलं दोरी कुठेतरी अडकली, म्हणून त्याने आणखी जोर लावला. तू शिरस्त्राणातून म्हणालीस, "सोड, भिंगरे." ती म्हणाली, "कप्तानाला हुकूम नाही द्यायचा." तिने दुसरा हातही लावला. धूमकेतू दारावरून तुला न घेता पुढे गेला, आणि वायरमनच्या हातात दोरी तुटून आली. आता तो दिसेल त्याला सांगतो, "मी जोर लावला होता हो, शप्पथ सांगतो. पोरगी रेड्यासारखी उभी राहिली."

आता मागचं. तुझ्या वहिनीने 'पुरे' म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. आमच्या विवाहानंतरचा हा पहिलाच प्रसंग. आणि जावईबापूंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. कॅमेरा चालू असताना त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते बाजूला सरकले आणि नुसत्या डोळ्यांनी तुमच्या दोघींकडे बघत उभे राहिले. हसत नव्हते. चेहरा कसा होता ते सांगायला माझ्याकडे विशेषणं पुष्कळ आहेत, त्यांतलं एकही वापरत नाही.

तू बस पकडायला निघून गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "वाक्य राहिलंच की. पुन्हा घ्यायचं का?"

"नाही. हे झालंय ते बरोबर आहे."

"पण मग आई यानातच राहिली."

"हो," म्हणाले. "राहिली ना."

याचे परिणाम मी कथेचा लेखक म्हणून तुझ्या नजरेस आणून देतो. धूमकेतू तुला नेऊ शकला नाही. तेव्हा सिनेमाच्या उरलेल्या प्रत्येक दृश्यात आई आहे. वादळात आहे, राणीच्या दरबारात आहे, परतीच्या प्रवासात आहे. तू नसलीस तर एकही दृश्य घेता येत नाही, आणि तुला वाटेत कुठे नाहीसं करावं तर कारण उरलेलं नाही. एकच धूमकेतू होता, तो गेला. हे सारं कप्तानाच्या ध्यानात 'बरं' म्हणतानाच आलं होतं का, असं मी तिला विचारलं. ती चेंडू दाबत होती. म्हणाली, "मामा, तूच सांग. लेखक तू आहेस."

तिने आता शनिवार धरले आहेत. सगळे. गोदामाच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. मला विचारलं नाही, तुलाही विचारणार नाही असं दिसतं. तुझ्या मॅमथच्या मालकांशी काय बोलायचं ते तू बघ.

पुढचं दृश्य यंत्रखोलीतलं. इंजिन बंद पडलं आहे, आणि आई-बाबा दोघं मिळून ते दुरुस्त करतात. बाबांचं काम जावईबापू स्वतः करणार, कॅमेऱ्यापाशी वायरमन बसेल. संवाद अर्थातच माझ्याकडे आले. गेले काही दिवस मी ते लिहायला बसतो आहे. वहिनी येऊन डोकावते, "झालं का?" म्हणते आणि जाते. बाबांचं पहिलं वाक्य तयार आहे: "पाना दे."

त्यावर आई काय म्हणते, ते मला येत नाही.

दादा